मटारच्या खोलीतलं कर्लिंग

मी वाकून बर्फावर तळहात ठेवला. तो गार नव्हता.

हात पुसला आणि पुन्हा ठेवला. बर्फ कोमट होता आणि त्याला किंचित तेलकट वास येत होता. शेजारी मॉलचा मॅनेजर उभा होता. मी त्याला विचारलं, "हा बर्फ आहे?"

"आइस रिंक आहे सर," तो म्हणाला.

मी विचारलं की मग बर्फ कुठे आहे. त्याने फार सौजन्याने समजावून सांगितलं की हे प्लास्टिक आहे. पांढऱ्या जाड शीट्स एकमेकींत अडकवायच्या, वर सिलिकॉनचा हात फिरवायचा, मुलं स्केटिंग करतात, वीज लागत नाही, पाणी सांडत नाही. फोनवर मी त्याला 'रिंक रिकामी आहे का' एवढंच विचारलं होतं. रिंक रिकामी होती. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

तो सोमवार होता. मंगळवारी सकाळी दहा वाजता स्कॉटलंडहून आलेले अकरा पाहुणे त्या प्लास्टिकवर कर्लिंग खेळणार होते.

बंगळुरूच्या जयनगरमधल्या एका छोट्या टूर कंपनीत मी चोवीस वर्षं ऑपरेशन्सचं काम केलं. मागच्या वर्षी रिटायर झालो. ऑपरेशन्स म्हणजे सेल्सवाले पाहुण्यांना जे जे कबूल करतील ते प्रत्यक्षात घडवून आणणं. या वेळी मात्र कबूलही मीच केलं होतं. या कामात पहिला नियम असतो रेकीचा. पाहुणे येण्याआधी प्रत्येक जागा स्वतः जाऊन बघायची. संडास, पायऱ्या, पार्किंग, सगळं. नव्याने लागलेल्या मुलांना मी हे पहिल्याच दिवशी सांगायचो, आणि जरा जास्तच वेळ सांगायचो. माझ्या घरापासून तो मॉल सात किलोमीटरवर होता. मी गेलो नव्हतो.

पाहुणे एका खेड्यातल्या कर्लिंग क्लबचे सभासद होते. सगळ्यात तरुण माणूस बासष्ट वर्षांचा. दर हिवाळ्यात हे लोक मिळून कुठेतरी जात. गाव बघायचं, तिथली व्हिस्की चाखायची आणि तिथे एक सामना खेळायचा, अशी त्यांची पद्धत. त्यांच्या सेक्रेटरी मॉराग, निवृत्त शिक्षिका. त्यांनी ईमेलमध्ये सरळ विचारलं होतं की बंगळुरूत बर्फ मिळेल का. मी 'हो' लिहिलं. मग कर्लिंग म्हणजे काय ते बघितलं.

वाचकांनाही माहीत नसेल, म्हणून सांगतो. बर्फाचा लांबच लांब पट्टा असतो. पलीकडच्या टोकाला एकात एक वर्तुळं काढलेली असतात. वीसेक किलोचा, वर मूठ बसवलेला ग्रॅनाइटचा गोल दगड बर्फावरून घसरवत सोडायचा. ज्याचा दगड मध्याच्या जवळ थांबेल त्याला गुण. दगड चालू लागला की दोघं जण त्याच्यापुढे ब्रश घासत पळतात. घासण्याने बर्फाचा वरचा पापुद्रा जरासा गरम होतो आणि दगड लांब जातो. हे सगळं मी ऑफिसात आवाज बंद करून चार मिनिटांच्या एका व्हिडिओत पाहिलं आणि मॉरागबाईंना त्या खेळाच्या सौंदर्यावर पानभर ईमेल लिहिला. त्यांनी उत्तरात लिहिलं की बूट आणि ब्रश आम्ही आणू, दगड तुमच्याकडे असतीलच. मी कळवलं, 'बंगळुरू ग्रॅनाइटसाठी प्रसिद्ध आहे, काळजी नसावी.' त्या वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. आमच्या धंद्यात खोटं असंच बोलतात.

मॉलच्या पार्किंगमधून मी आमचे मालक मंजुनाथअण्णा यांना फोन केला. त्यांचं मत पडलं की मेंटेनन्स चालू आहे असं सांगावं आणि पाहुण्यांना म्हैसूरला एक दिवस आधी न्यावं. तोवर असे मेंटेनन्स मी पुष्कळ केले होते. पण या वेळी जमेना. कारण अ‍ॅलिस्टर.

अ‍ॅलिस्टर त्या ग्रुपमधले सगळ्यात वयस्कर. चौऱ्याऐंशी वर्षांचे, उंच, काडीसारखे. आदल्या दिवशी विमानतळावर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "तुमचा बर्फ कोण करतं?" मी म्हणालो, आमची टीम आहे. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. नंतर बसमध्ये मॉरागबाईंनी सांगितलं की तरुणपणी ते इथल्या एका कारखान्यात मशिनं बसवायला आले होते. दोन वर्षं राहिले. क्लबमध्ये दर हिवाळ्यात या शहराच्या गोष्टी सांगायचे, आणि बाकीचे त्यांना चिडवायचे की तुझ्या आयुष्यातले ते दोनच हिवाळे बिनदगडाचे गेले. ही सहल त्यांच्या हट्टाने ठरली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एवढा प्रवास करा, पुढे विमान नाही.

म्हणून मी मंजुनाथअण्णांना म्हणालो की कर्लिंग गुरुवारवर ढकलतो, मंगळवारी शहर दाखवतो, बुधवारी व्हिस्की. आणि बर्फाचं काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बघतो. 'बघतो' हा आमच्या ऑपरेशन्समधला सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द आहे.

माझ्या ओळखीत बर्फाशी संबंध असलेला एकच माणूस होता. बसवराज. मूळचा अथणीकडचा, मी बेळगावचा. गणपतीच्या कार्यक्रमात आमची ओळख झाली होती. शहराबाहेर होसकोट्याच्या इंडस्ट्रियल एरियात एका कोल्ड स्टोरेजमध्ये तो सुपरवायझर होता. फ्रोझन मटार, मका, असला माल. मी तडक होसकोट्याला गेलो. नवीन मटार यायला अजून महिना होता आणि एक लांब खोली रिकामी पडली होती. बसवराजने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"तीस वर्षं मी जमिनीवरचा बर्फ फोडतोय सर," तो म्हणाला. "कोणी घसरून पडू नये म्हणून. आता तुम्ही म्हणताय, बर्फ करा आणि लोकांना घसरू द्या."

"होईल का?"

"न व्हायला काय झालं की. मालकाला विचारतो. स्वल्प थांबा."

मालकांनी फोनवर सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग हो म्हणाले, मटार यायच्या आत फरशी कोरडी पाहिजे एवढीच अट घातली. बहुधा त्यांना नीट ऐकू आलं नसावं.

तिथून चामराजपेट. तिथे शंकररावांचं वेट ग्राइंडरच्या दगडांचं दुकान आहे. इडलीचं पीठ वाटायच्या यंत्रात ग्रॅनाइटचे जे गोल रोलर फिरतात, ते शंकरराव घडवतात. चार पिढ्यांपासून बंगळुरूत असलेलं मराठी घराणं. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी असतं आणि माझ्या मराठीला ते 'पुस्तकाचं' म्हणतात. मी त्यांना फोनवर दगडाचा फोटो दाखवला. ते चष्मा कपाळावर चढवून बघत बसले.

"हे तर हॉटेलचं ग्राइंडर गुंडू. खालून सपाट. ह्याचं काय करतात?"

गुंडू म्हणजे त्यांच्या कानडीत गोल दगड. मी सांगितलं. ते म्हणाले, ढकलून परत आणत नाहीत? मी म्हणालो, नाही, तिकडेच ठेवतात. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण मोठ्या हॉटेलांसाठी केलेले आठ रोलर त्यांनी बाजूला काढले. रोलरला दांडा घालण्यासाठी मधोमध आरपार भोक असतंच. त्यातून बोल्ट घालून वर कपाटाची स्टीलची मूठ बसवायची, खालचा नट आत दडवायचा. मी व्हिडिओत पाहिलेल्या दगडांनाही मूठ अशीच बसवलेली असते, हे मला त्या दिवशी कळलं. शंकररावांनी ते फोटो बघून ओळखलं होतं.

मंगळवारी मी पाहुण्यांना लालबागेत नेलं. तिथल्या जुन्या खडकावर अ‍ॅलिस्टर बराच वेळ हात फिरवत बसले. मी मात्र दर अर्ध्या-पाऊण तासाने झाडाआड जाऊन बसवराजला फोन लावत होतो. पहिल्या फोनला तो म्हणाला, पाणी सोडलं. दुसऱ्याला म्हणाला, सगळं पाणी दाराकडे गेलं, फरशीला उतार आहे. तिसऱ्याला म्हणाला, दाराशी ओली पोती रचली, ती गोठली, आता बांध झाला. चौथ्याला म्हणाला, बर्फ झाला, पण त्याला लाटा आहेत. मी विचारलं, केवढ्या? तो विचार करून म्हणाला, "बस खड्ड्यातून जाते बघा, तसं." झाडाआडून परत आलो की मॉरागबाई विचारायच्या, बर्फाची तयारी कशी चालली आहे? मी म्हणायचो, उत्तम.

बुधवारी सकाळी आम्ही शहराबाहेरच्या एका डिस्टिलरीत गेलो. व्हिस्की टेस्टिंग म्हणजे पिणं नव्हे. पाच छोट्या ग्लासांत पाच प्रकार देतात. आधी वास घ्यायचा, मग एक घोट जिभेवर फिरवायचा, मग पाण्याचा थेंब टाकून पुन्हा वास. गाइड सांगत होता की इथल्या उष्णतेमुळे पिंपातली व्हिस्की लवकर उडून जाते आणि लवकर मुरतेही. स्कॉटिश मंडळी माना डोलावत ऐकत होती. टूर मॅनेजरने ड्यूटीवर दारूला हात लावायचा नसतो. हेही मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचो. पण तेवढ्यात बसवराजचा मेसेज आला, 'लाटा तशाच आहेत.' माझ्यासमोरही पाच ग्लास ठेवलेले होते. वास वगैरे न घेता मी ते एकामागून एक रिकामे केले. सकाळी नाश्ता केला नव्हता.

पाचव्या ग्लासानंतर मी मॉरागबाईंना बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. प्लास्टिक, मटार, ग्राइंडर, सगळं. मध्ये 'आमची टीम म्हणजे बसवराज' असंही म्हणालो. शाळेत चाळीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकलेल्या बाई होत्या. त्यांनी मला वाक्य पूर्ण करू दिलं. मग म्हणाल्या, "अ‍ॅलिस्टरला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

अ‍ॅलिस्टर खिडकीपाशी तिसऱ्या ग्लासाचा वास घेत होते. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. प्लास्टिकपर्यंत ते ग्लासाचा वास घेत राहिले. होसकोट्याला मात्र ग्लास खाली ठेवला.

"पाणी कुठलं वापरलंत?"

मी म्हणालो, बोअरचं.

त्यांनी दात दुखल्यासारखा चेहरा केला. मग प्रश्न सुरू झाले. थर किती दिले? किती वेळाने? फरशी कसली? हवेचा पंखा कुठल्या बाजूला? मी फोनमध्ये बसवराजचा नंबर शोधू लागलो. तेव्हा मॉरागबाई मागून म्हणाल्या, "आमच्या क्लबचा बर्फ चाळीस वर्षं यांनी केला आहे, सुधीर. दर हिवाळ्यात, पहाटे उठून."

तीन दिवस मी ज्या माणसापासून बर्फ लपवत होतो, तो बर्फ करणारा माणूस होता. विमानतळावर त्यांनी विचारलं होतं ते गप्पा म्हणून नव्हतं.

अ‍ॅलिस्टरनी उरलेले दोन ग्लास तसेच ठेवले आणि कोट उचलला. "चला," म्हणाले.

बाकीचे पाहुणे व्हिस्कीसोबत राहिले. आम्ही तिघं टॅक्सीने होसकोट्याला गेलो. बसवराजने त्यांना कामगारांचं जाड जॅकेट आणि कानटोपी दिली. खोलीत गेल्या गेल्या अ‍ॅलिस्टर सरळ पोटावर आडवे झाले आणि गाल बर्फाला टेकवून, एक डोळा मिटून लांबवर बघू लागले. बसवराजने माझ्याकडे पाहिलं, मग तोही त्यांच्याशेजारी आडवा झाला. दोघं तसेच पडून हाताने एकमेकांना उंचवटे दाखवत होते. मी उभा होतो, कारण मी आडवा झालो असतो तर पाच ग्लासांमुळे उठलो नसतो.

पुढचे दोन तास मी दुभाष्या होतो, तेही फक्त पहिली दहा मिनिटं. त्यानंतर त्यांना माझी गरज पडली नाही. सपाट फावड्यांनी लाटा तासल्या. बर्फात जुन्या मालातले चार-पाच मटार गोठून बसले होते, ते टोकरून काढले. खोली फार थंड आहे, पाणी पसरायच्या आतच गोठतं, असं अ‍ॅलिस्टरनी खुणेने सांगितलं. बसवराजने मशिनचा काटा वर नेला. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी बर्फ ठिसूळ होतो म्हणून कामगारांच्या प्यायच्या फिल्टरचं पाणी आणलं. पातळ थर, थांबायचं, पुन्हा पातळ थर.

शेवटी एक काम राहतं, त्याला पेबल म्हणतात. गुळगुळीत बर्फावर कर्लिंगचा दगड चिकटतो. म्हणून गरम पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. ते गोठून बारीक पुरळ उठते आणि दगड त्या पुरळीवरून चालतो. बसवराजने पाण्याच्या एका छोट्या कॅनच्या झाकणाला ड्रिलने भोकं पाडली, कँटीनमधून गरम पाणी आलं. अ‍ॅलिस्टर कॅन हलवत उलट्या पावलांनी चालू लागले. हात एका लयीत डावीकडे, उजवीकडे. पहिली फेरी सुंदर झाली. दुसऱ्या फेरीत अर्ध्यावर ते थांबले आणि भिंतीला टेकले. ओठ निळे पडले होते.

तेव्हा माझी नशा एका क्षणात उतरली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला मी फ्रीझरमध्ये आणून उभा केला होता. मॉरागबाई आणि मी त्यांना धरून बाहेर उन्हात नेलं, खुर्चीवर बसवलं, चहा दिला. बोटं आखडली होती, कप धरवेना. कप मी धरला. मी म्हणालो की आता बास, उद्याचं रद्द करू. ते माझ्याकडे बघतही नव्हते. उघड्या दारातून आत बघत होते. आत बसवराजने कॅन उचलला होता आणि तो उलट्या पावलांनी चालत होता.

तो बाहेर आला तेव्हा मी विचारलं, कसं जमलं? तो म्हणाला, "बी पेरतात तसंच आहे की सर. फक्त मागं मागं जायचं."

अ‍ॅलिस्टर चहाचा घोट घेऊन मॉरागबाईंना काहीतरी म्हणाले. त्यांनी मला सांगितलं, "ते म्हणतात, याचा मनगटाचा झोका चांगला आहे."

गुरुवारी सकाळी सगळे होसकोट्याला आले. पट्टा खऱ्याच्या निम्मा होता. वर्तुळं पोस्टर कलरने रंगवून वर पातळ बर्फ दिलेला. शंकरराव आपले आठ दगड टेम्पोत घालून स्वतः आले, अंगावर दोन शाली. पाहुण्यांनी एकेक दगड उलटा करून बघितला. तीन नंबरचा दगड कसाही सोडला तरी डावीकडे वळतो, हे पाच मिनिटांत सिद्ध झालं. शंकरराव म्हणाले, तो माझ्या जावयाने घासलाय.

दोन टीम पडल्या. मॉरागबाईंनी शिक्षा म्हणून मला त्यांच्या टीममध्ये ब्रश दिला. बसवराज अ‍ॅलिस्टरच्या टीममध्ये. पहिला दगड सुटला, मी ब्रश घेऊन त्याच्यापुढे धावलो, आणि तिसऱ्या पावलाला बसलो. बसल्या बसल्या घसरत वर्तुळात गेलो. दगड माझ्या बराच अलीकडे थांबला. मध्याच्या सगळ्यात जवळ मी होतो. याचा गुण धरायचा का, यावर दोन्ही टीममध्ये थोडी चर्चा झाली. त्यानंतरचा सामना मी मटारच्या क्रेटवर, एका बाजूला कलून बसून पाहिला.

शेवटचा दगड अ‍ॅलिस्टरचा होता. समोरच्यांचा दगड मध्यापासून चार बोटांवर होता, तो धरून त्यांची टीम एका गुणाने मागे. उरला होता तो नेमका तीन नंबर. दगड सोडताना वाकून घसरत जावं लागतं, ते त्यांना आता जमत नाही, म्हणून उभ्याने दगड ढकलायची काठी त्यांनी सोबत आणली होती. त्यांनी बर्फाकडे पाहिलं आणि वर्तुळाच्या चांगलं हातभर उजवीकडे नेम धरला. दगड निघाला. बसवराज त्याच्यापुढे ब्रश घासत मागे मागे पळत होता. खोलीत फक्त दगडाची घरघर ऐकू येत होती. दगड डावीकडे वळला, ठरवल्यासारखा वर्तुळात शिरला, मध्याकडे गेला आणि वीतभर अलीकडे थांबला.

एका गुणाने हरले.

बसवराज ब्रश धरून तसाच उभा होता. त्याला वाटलं आपण कमी घासलं. अ‍ॅलिस्टर काठी टेकत त्याच्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला खुणेने बोलावलं. मी कंबर धरत गेलो.

"त्याला सांगा," ते म्हणाले, "ताकद माझी कमी पडली. बर्फात काही खोट नव्हती."

मी ते मराठीत सांगितलं. बसवराज खाली बर्फाकडे बघत राहिला. मग कानडीत 'बरं' म्हणतात तसं म्हणाला, "सरी."

जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पहिला ग्लास द्यायचा, अशी कर्लिंगची रीत आहे. मॉरागबाईंनी आदल्या दिवशी डिस्टिलरीतून बाटली आणली होती. बाहेर उन्हात, कोल्ड स्टोरेजच्या लोडिंगच्या कठड्यावर बसून सगळ्यांनी ती संपवली. मला विचारलं नाही. मॉरागबाई म्हणाल्या, तुमचं कालच झालं.

अ‍ॅलिस्टर सुखरूप घरी पोचले. आता ते प्रवास करत नाहीत, पण हिवाळा आला की बसवराजला पत्र पाठवतात आणि बसवराज ते माझ्याकडून वाचून घेतो. पत्रात बहुतेक पाण्याबद्दल आणि थरांबद्दल असतं. मंजुनाथअण्णांनी वेबसाइटवर 'बंगळुरूत कर्लिंग' अशी टूर टाकली. मी असेपर्यंत त्यावर तीनदा चौकशी आली. तिन्ही वेळा मी लिहिलं की इथे बर्फ नाही. एवढी सरळ उत्तरं मी नोकरीत दुसऱ्या कुणाला दिली नव्हती.

माझ्या माकडहाडाला बरं व्हायला सहा आठवडे लागले. त्या काळात उभ्याने जेवताना मी या प्रकरणावर बराच विचार केला आणि त्यातून एकच गोष्ट हाती लागली. पाहुण्यांपासून काही लपवायचंच असेल, तर ते रिटायर होण्याआधी काय करत होते, एवढं आधी विचारून घ्यावं.